अकरा भोकांची साक्ष

बाबा,

काकांच्या विहिरीवरचा, मोटर सांभाळणारा तुमचा डबा काल खाली उतरवला. बिघडला म्हणून नव्हे, तसा गैरसमज करून घेऊ नका. काकांनी सोलरचा पंप घेतला आणि त्या पंपासोबत कंपनीचा स्वतःचा डबा आला, पांढराशुभ्र, वर हिरवा दिवा. एका मोटरीवर दोन डबे चालत नाहीत म्हणून तुमचा निघाला. काकांनी तो जुन्या टॉवेलात गुंडाळून मोटरसायकलच्या टाकीवर ठेवून देऊळघाटला आपल्या घरी आणला. "दादाचा डबा हाय, भंगारवाल्याले नाई देत म्या," असं म्हणून दारातच माझ्या हातात दिला आणि चहा न घेता गेले. काका चहा सोडून गेले म्हणजे त्यांनाही वाईट वाटलं असणार. आत पालीची अंडी होती, मुंग्यांनी आणलेली माती होती आणि मधोमध तुमचा बोर्ड. मी तो ब्रशनं साफ केला आणि जोड तपासायचा मीटर लावला. अकरा भोकं, अकराही वाजली. बारा वर्षं झाली, बाबा. तुम्हाला जाऊनही जवळपास तेवढीच झाली.

मी सुट्टीवर आले आहे. तुमच्याच टेबलावर बसले आहे. आई बाहेर शेंगा निवडतेय आणि मघाशी तिनं विचारलं, "कोनाले लिहून राह्यली?" मी म्हटलं, कंपनीले. तिनं "हं" म्हटलं. तिचं हे "हं" तुम्हाला माहीत आहे. त्याचा अर्थ, खोटं आहे पण चालू दे. मला एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे, खरं म्हणजे दोन. पहिली आईला माहीत आहे. दुसरी कोणालाच नाही.

तुम्ही निवृत्त झालात त्या वर्षापासून सुरुवात करते. आयटीआयत तीस वर्षं पोरांना सोल्डरिंग शिकवलेला माणूस घरी बसला आणि पेपर वाचू लागला. पेपर तुम्ही साडेतीन तास वाचायचात. निविदा, हरवले-सापडले, लग्नाच्या जाहिराती, सगळं. आई मला फोनवर सांगायची, "काल त्याईनं बोअरवेलच्या जाहिरातीतली शुद्धलेखनाची चूक काढली अन् लाल पेनानं गोल केला. म्या म्हनलं, आता हे कोनाले तपासाले देता?" मी तेव्हा औरंगाबादला एका कंपनीत होते, कंट्रोल पॅनेल बनवायची कंपनी, आणि घरी यायचे दोन-तीन महिन्यांतून एकदा. आले की आई मला बाजूला घेऊन सांगायची की हे जेवत नाहीत, अर्धी भाकर खातात आणि ताटावरून उठतात. मी तुम्हाला विचारायचे, "बाबा, जेवत का नाही?" तुम्ही म्हणायचात, "काम नाई तं भूक कशाची?" एवढ्यावर विषय संपायचा. मी रविवारी संध्याकाळी बसमध्ये बसायचे आणि धाड गाव मागे पडलं की मला ते आठवतही नसे. हे आज लिहिताना बरं वाटत नाही.

अशाच एका भेटीत रात्रीच्या जेवणाला काका आले होते. विहिरीचं पाणी तळाला गेलं, मोटर कोरडी फिरत राहिली आणि जळाली, याचं ते रडगाणं गात होते. तुम्ही भाकरीचा घास हातात धरून म्हणालात, "मी तुले डबा करून देतो. पानी संपलं की मोटर बंद. फेज गेला तरी बंद." आणि तिथंच लग्नपत्रिकेच्या पाठीवर आकृती काढायला बसलात. आकृतीत रेषा एकमेकींना ओलांडायला लागल्या, तसं तुम्ही म्हणालात की बोर्ड दोन्ही बाजूंनी लागेल, वर पण तांबं, खाली पण तांबं. मी तेव्हा कंपनीत अशाच बोर्डांचं काम बघत होते आणि माझ्या अंगात ते फार भिनलं होतं. मी म्हटलं, "दोन्ही बाजूंचा बोर्ड घरी होत नाही."

काकांना समजावं म्हणून मी सांगायलाही लागले. बोर्ड म्हणजे फायबरची पातळ पाटी. तिच्या वरच्या अंगाला तांब्याच्या वाटा, खालच्या अंगाला तांब्याच्या वाटा. वरची वीज खाली न्यायची तर भोक पाडायचं. पण भोकाच्या आतल्या भिंतीला तांबं नसतं, ती नुसती कोरडी असते. म्हणजे विहीर खोदली पण पायऱ्या नाहीत. कारखान्यात त्या भिंतीवर तांबं चढवतात. घरी लोक भोकातून तारेचा तुकडा घालतात आणि दोन्हीकडून सोल्डरचा डाग देतात. काकांनी मान हलवली. तुम्ही मात्र म्हणालात, "तारेचं ठिगळ म्या तीस वर्षं पोराईले लावाले शिकवलं. आता मले भितीवर तांबं पायजे. काऊन नाई होत?" मी म्हटलं, नाहीच होत. आणि जर झालं तर मी सगळ्यांसमोर म्हणेन, बाबा, मी चुकले. काका दोघांकडे आळीपाळीनं पाहत होते. आईनं भाकर वाढता वाढता म्हटलं, "हे घरात कधी कोनी म्हनलं नाई. होऊन जाऊ द्या." खरंच आहे ते. आपल्या घरात "मी चुकलो" हे वाक्य कोणी उच्चारल्याचं मला आठवत नाही, तुम्ही तर नाहीच. त्यामुळे त्या वाक्यासाठी तुम्ही काय वाटेल ते करणार हे मला समजायला हवं होतं.

पुढचं मी आईकडून आणि काकांकडून तुकड्यातुकड्यांनी ऐकलं. तुम्ही सोमवारी सकाळी दाढी करून कृषी केंद्रात गेलात आणि एक किलो मोरचूद मागितलं. दुकानदार तुमचा जुना विद्यार्थी. "कशाले पायजे सर? संत्र्याले का लिंबाले?" तुम्ही म्हणालात, "भोकाले." त्यानं अदबीनं मोरचूद मोजलं आणि सोबत चुन्याची पिशवीही बांधली, कारण फवारणीला मोरचूद-चुना बरोबरच लागतात. "चुना कोनं मांगला बे?" म्हणून तुम्ही त्याला झापलंत. त्यानंतर वर्षभर तो गावातल्या माणसांना विचारायचा, सरांची बाग कशी आहे म्हणून.

मग आईची लोणच्याची काचेची बरणी गेली. त्या वर्षीचं लोणचं स्टीलच्या डब्यात काढलं गेलं आणि खराब झालेल्या त्या लोणच्यावरून तुम्ही वर्षभर बोलणी खाल्लीत. बरणीत मोरचुदाचं, म्हणजे तांब्याच्या क्षाराचं निळं पाणी, त्यात बॅटरीचं अॅसिड. एका बाजूला बोर्ड लटकवायचा, दुसऱ्या बाजूला तांब्याचा पत्रा, आणि जुन्या चार्जरनं मध्ये वीज सोडायची. म्हणजे पत्र्याचं तांबं विरघळतं आणि भोकात जाऊन बसतं. पत्रा कुठून आणला ते आईला तिसऱ्या दिवशी कळलं, न्हाणीघरात गेल्यावर. तिच्या माहेरच्या तांब्याच्या बंबाचं झाकण जागेवर नव्हतं. बरणीत होतं, अर्धं. "माह्या बंबाचं झाकन तुमी त्या भोकात घालून राह्यले?" असं ती ओरडली ते शेजारच्यांनीही ऐकलं आणि कोणी त्याचा नीट खुलासा मागायला आलं नाही.

पण तांबं कोरड्या भिंतीवर बसत नाही. आधी तिथं वीज धरणारं काहीतरी लावावं लागतं. तुम्ही संपलेले सेल फोडून त्यांच्यातल्या काळ्या कार्बनच्या कांड्या काढल्या, खलबत्त्यात कुटल्या, वस्त्रगाळ केल्या. चिकटायला म्हणून बाभळीचा डिंक घेतला, तोही लाडवांसाठी आणलेला. ही काळी खीर भोकावर ठेवायची आणि खालून तोंडानं ओढायची, म्हणजे भिंतीला लागते. पुढच्या शनिवारी मी बुलढाण्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा तुम्ही स्कूटर घेऊन उभे होतात. तुमचे दात काळे होते. मी घाबरले, म्हटलं, बाबा, मिशेरी लावायला लागलात की काय? तुम्ही म्हणालात, "बस. तुले ऐकाले बोलावलं."

आता ऐकण्याचं. तुमचा आयटीआयतला नियम अख्ख्या बॅचच्या बॅच पाठ म्हणायच्या. मीटर लावताना डोळे टोकावर, कान मीटरवर. आकडा बघायला मान वळवली की हात हलतो आणि टोक भलतीकडे टेकतं. म्हणून वाजलं तर जोडलंय, नाही वाजलं तर नाही, आकडा बघायचा नाही. नियम उत्तम होता. फक्त आता तुमच्या कानाला मीटरची ती बारीक शिट्टी ऐकू येत नव्हती. आई स्वयंपाकघरात पुटपुटली ते ऐकू यायचं, काकांची मोटरसायकल फाटकावर आली की कळायचं, पण ती शिट्टी नाही. तुम्ही हे कबूल करणं शक्यच नव्हतं. तुम्ही म्हणायचात मीटरचा बझर गेला. त्या वर्षी दोन मीटर बदलले, दोन्हींचे बझर गेले. आणि आकडा बघायचा तर स्वतःचाच नियम मोडायचा. म्हणून दुसऱ्याचा कान हवा होता.

मग आईचा का नाही? तिला तुम्ही बसवून बघितलं होतं. पण तिला बरणी सोडवून घ्यायची होती, त्यामुळे मीटर लावायच्या आधीच ती म्हणायची, "वाजलं." शेवटी तुम्ही जाहीर केलंत, "हिची साक्ष धरता येत नाई."

तर तो रविवार. सकाळचे दहा, अंगणात ऊन. सहा भोकांचा एक चाचणीचा तुकडा तुम्ही पाटावर ठेवला आहे. दोन्ही हातांत मीटरची टोकं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. "वाजलं?" पहिलं भोक, नाही. दुसरं, नाही. मी मनातल्या मनात खूश आहे, हे लपवत नाही. तिसऱ्या भोकावर मीटर वाजला. बारीक, सलग, स्वच्छ वाजला. तुम्ही डोळे न उचलता विचारलंत, "वाजलं?" आणि मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं ते मी बारा वर्षं शोधते आहे आणि दर वेळी एवढंच सापडतं की मला हरायचं नव्हतं. मी इंजिनियर होते, कंपनीत होते, आणि तुम्ही डिंकाच्या लाडवांच्या सामानातून भोकाच्या भिंतीवर तांबं चढवलं होतं. एका सेकंदाचं काम होतं. तुम्ही म्हणालात, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." उरलेली तीन खरंच वाजली नाहीत. तुम्ही तुकडा उन्हात धरून बराच वेळ बघितला आणि म्हणालात, "दिसते तं आहे. मंग काऊन नाई वाजत?" ही पहिली गोष्ट.

आईनं मला त्याच दुपारी पकडलं. मी कांदा चिरत होते. ती पोळपाटाशी बसली होती, मागे न बघता म्हणाली, "तिसरं वाजलं होतं." मी पुढचा कांदा घेतला. "म्या इथून ऐकलं. काऊन खोटं बोलली तू?" मी म्हटलं, सांगते आत्ता जाऊन. मी खरंच उठले होते, कांदा तसाच टाकून. तर ती म्हणाली, "मी सांगतलं त्याईले. म्हनलं, वाजलं होतं. तं म्हनतात, तुह्यी साक्ष धरता येत नाई." आणि मग आमच्या दोघींना हसू यायला लागलं, बाबा. माफ करा, पण तुमच्या फजितीवर आम्ही तोंडात पदर आणि ओढणी कोंबून हसलो. अख्ख्या घरात खरं बोलणारी एकटी बाई, आणि तिचं कोणी ऐकत नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी सांगायचं ठरवूनच बसमध्ये बसले. वाक्यही तयार होतं. घरी पोचले तर आईनं मला चपला काढायच्या आत गाठलं. "आता सांगू नको." म्हटलं, का? तर म्हणाली, "अडीच भाकरी खाऊन राह्यले. पेपर उघडला नाई चार दिवस. परवा मले विचारलं, लाडवाचा डिंक कोनत्या बाभळीचा होता. लग्न झाल्यापासून त्याईनं मले स्वयंपाकातलं काई विचारलं नव्हतं." असं सगळं असताना मी काय सांगणार होते? मी गप्प बसले, आणि मग दर शनिवारी गप्प बसायला देऊळघाटला यायला लागले. आधी दोन-तीन महिन्यांत एकदा येणारी मी.

काजळाचा आठवडा तर तुम्हाला आठवत असेलच, किंवा तुम्ही तो विसरून गेला असाल आणि मी आठवण करून देतेय. आईनं एकदा सहज विचारलं, "कार्बन म्हंजे काजळीच ना?" तुम्ही म्हणालात, हाव, काजळीच. "मंग माह्या डबीत हाये की." तुम्ही तिच्याकडे असं बघितलंत की जणू तुमच्या वर्गात मागच्या बाकावरून पहिल्यांदा बरोबर उत्तर आलं. तिचं घरचं काजळ तुम्ही अकराच्या अकरा भोकांत भरलंत, चार दिवस बरणीत वीज सोडलीत, झाकणाचा आणखी एक कोपरा खर्ची घातलात. भोकात तांब्याचा कण नाही. तुम्ही चार्जर तपासला, अॅसिड बदललं, पायजम्याला तीन भोकं पाडून घेतली, आणि काका म्हणाले की तेवढी भोकं मात्र आरपार झाली. शनिवारी मी आले तेव्हा तुम्ही काजळाच्याच हातांनी डोळे चोळून बसला होतात. काकांनी दारातून बघितलं आणि म्हणाले, "दादा, दिठ लागन बरं तुमाले." आईनं मग विचारलं की नेमकी अडचण काय आहे. मी सांगितलं की भोकात तेलकट काहीतरी आहे, पाणी आत शिरतच नाही. "तूप असते ना त्यात," आई म्हणाली. "तुपाबिगर काजळ डोळ्यात राहीन का?" तुम्ही काजळाची डबी हुंगून बघितलीत. मग म्हणालात, "हे सोमवारी सांगाले काय झालं होतं?" ती म्हणाली, "माह्यी साक्ष धरता येत नाई म्हनून."

असे आठवडे गेले. मध्ये पेन्सिली झाल्या, शिसं तासून तासून घरभर. डिंक पाण्यात विरघळतो आणि बरणीत पुन्हा पाणीच आहे, हे तुमच्या लक्षात आलं ते आंघोळ करताना, आणि तुम्ही ओल्या अंगानं बाहेर येऊन मला फोन लावलात. मी मीटिंगमध्ये होते. "डिंक विरघळते, बाई! विरघळते म्हनून वाजत नाई!" मी म्हटलं, हो बाबा. मीटिंगमधले सगळे माझ्याकडे बघत होते, कारण मी रडत होते की हसत होते ते मलाच कळत नव्हतं. मग तुम्ही सुताराकडे गेलात आणि पॉलिशला वापरतात ती लाख स्पिरिटात विरघळवून आणलीत. लाख पाण्याला दाद देत नाही. कांड्यांची भुकटी लाखेत कालवली, भोकातून ओढली, वाळवली. तुमचे ओठ दोन दिवस चिकटले होते आणि आई म्हणाली की घरात इतकी शांतता तिनं कधी अनुभवली नव्हती.

तुम्ही गेल्यावर शोकसभेत तुमचे सहकारी बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, सरांची चिकाटी बघा, सात आठवडे अपयश आलं पण माघार घेतली नाही. टाळ्या वाजवायची जागा नव्हती तरी दोन-तीन जणांनी वाजवल्या. आई माझ्याकडे बघत होती. मी जमिनीकडे बघत होते. अपयश तुम्हाला आलं नव्हतं, मी दिलं होतं. एवढं मात्र म्हणते की पहिल्या रविवारचं ते एक भोक पावसाळाभर टिकलं नसतं, आणि लाखेची ही अकरा भोकं बारा वर्षं विहिरीच्या काठावर टिकली. याचं श्रेय मी घेत नाही. पण पूर्ण सोडतही नाही.

सातव्या शनिवारी तुम्ही मला स्टँडवरून थेट घरी आणलंत. दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट होता. खरा बोर्ड पाटावर होता, काकांचा, अकरा भोकांचा. काका आधीच येऊन बसले होते, आई पदराला हात पुसत दारात उभी. तुम्ही टोकं लावली. पहिलं वाजलं. "वाजलं?" "वाजलं." दुसरं, तिसरं, चौथं. दर वेळी तुम्ही विचारत होतात आणि मी सांगत होते. आठव्या-नवव्याला मी हळू बोलले, तर तुम्ही रागावलात, "मोठ्यानं सांग!" अकरावं वाजलं. काका म्हणाले, "अरे वा!" मी उठून उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "बाबा, मी चुकले." ते वाक्य त्या दिवशी मी कशाबद्दल म्हणत होते ते आईला कळलं. तिनं नाक शिंकरलं. तुम्ही टोकं खाली ठेवलीत, चष्मा काढून पुसलात. मला वाटलं होतं तुम्ही ऐटीत काहीतरी बोलाल, सात आठवड्यांचं साठवलेलं. तुम्ही म्हणालात, "बरं झालं," आणि हात धुवायला गेलात. रविवारी डबा विहिरीवर बसला. पाणी तळाला जाईपर्यंत आम्ही सगळे काठावर थांबलो, मोटर आपोआप बंद पडली, काकांनी पेढे वाटले.

संध्याकाळी तुम्ही मला स्टँडवर सोडायला आलात. बस लागलेली होती. तुम्ही खिडकीखाली उभे होतात, एरवी बस लागली की लगेच निघणारा माणूस. म्हणालात, "मंग शनिवारी?" मी म्हटलं, "शनिवारी काय, बाबा? झालं की आता." तुम्ही म्हणालात, "हाव, झालं तं." बस हलेपर्यंत तुम्ही तिथंच होतात.

गुरुवारी तुमचा फोन आला. आधी आईची तब्येत सांगितलीत, मग काकांची मोटर. मग म्हणालात की तुम्ही मीटरला नवा सेल टाकून ठेवला आहे, आणि दुसऱ्या एका बोर्डाचं डोक्यात आहे, त्याला भोकं थोडी जास्त लागतील, ऐकायला कोणीतरी पाहिजे. मी म्हटलं, बाबा, शनिवारी कंपनीत काम निघालंय. तुम्ही म्हणालात, "काम पयले. काम पाय." त्यानंतर मी आले ती दिवाळीला, आणि त्यानंतर उन्हाळ्यात काकांचा फोन आल्यावर. तो दुसरा बोर्ड तुमच्या टेबलाच्या खणात आहे. भोकं पाडलेली आहेत, भरलेली नाहीत.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिता येतंय. त्या शनिवारी मला काही काम नव्हतं, बाबा. कंपनीला सुट्टी होती. मी खोलीवरच होते. केस धुतले आणि दुपारभर झोपले.